एकच पलंग

रविवारच्या पुरवणीत तो प्रवासवर्णनं लिहायचा. वाचक त्याला 'भटक्या' म्हणूनच ओळखत. प्रत्येक लेखात त्याच्यासोबत एक 'मित्र' असायचा. हा मित्र म्हणजे दातांचा डॉक्टर. दोघं कित्येक वर्षं एका छपराखाली संसार करत होते. घरच्यांना ते ठाऊक होतं, छापून मात्र कधी आलं नव्हतं.

यंदा तळ्याकाठच्या एका हॉटेलात मॅनेजरनं दोघांची ओळखपत्रं पाहिली, बुकिंगमधला एकच पलंग पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इथे फॅमिलीवाले उतरतात."

डॉक्टर एरवी मितभाषी. पण तो म्हणाला, "आम्हीही फॅमिलीच आहोत."

तरी बॅगा उचलाव्या लागल्या. भर उन्हात विचारत विचारत ते एका इस्त्रीच्या दुकानाशी आले. मालकीणबाई वरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या. दोघांना नीट न्याहाळून त्या म्हणाल्या, "पलंग एकच आहे. चालेल?"

"चालेल काय, पळेल!" डॉक्टर म्हणाला.

भटक्यानं सगळं जसंच्या तसं लिहिलं. हॉटेलचं नाव, दुकानाचा पत्ता, आणि पहिल्यांदाच, 'माझा जोडीदार'.

संपादकबाईंचा फोन आलाच. "लेख झकास आहे रे. फक्त 'जोडीदार'चं 'मित्र' करू या? लोक फिरण्यासाठी वाचतात, चळवळीसाठी नाही."

"बाई, एक खोली मागताना आम्ही आधी समोरच्याचा चेहरा वाचतो. हाच आमचा प्रवास. तो काढलात तर नुसतं तळं उरेल. त्यापेक्षा छापूच नका."

बाईंनी लेखाचा शेवट पुन्हा एकदा वाचला. मग, "बरं. एका शब्दालाही हात लावत नाही."

रविवारी सकाळीच मावशीनं भटक्याच्या आईला फोन करून तोंडसुख घेतलं. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी दाढ त्यानंच काढली ना? फुकटात? तेव्हा बरा चालला तुला!" फोन ठेवून ती पुरवणी घेऊन शेजारी गेली, स्वतः वाचून दाखवायला.

पुढे एके दुपारी मालकीणबाईंचा फोन आला. "अहो, तुमचा लेख घेऊन जोड्या येतायत! काल दोन मुली आल्या, बिचाऱ्या घाबरत घाबरत विचारत होत्या. म्हटलं, खुशाल राहा. मागची खोलीसुद्धा रंगवायला काढलीय मी."

भटक्या तडक दवाखान्यात घुसला आणि खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटदेखतच सगळं सांगून मोकळा झाला. डॉक्टरनं हातमोजे काढून त्याला घट्ट मिठी मारली. तोंडात कापूस असल्यानं पेशंटला बोलता येईना. त्यानं टाळ्या वाजवल्या.