माहितीदार क्रमांक नऊ

वसमतच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. एका संशोधन नियतकालिकानं माझ्याकडं एक लेख तपासायला पाठवला. छापावा की नाही, एवढं एकवीस दिवसांत सांगायचं. लेखकाचं नाव झाकलेलं, मुलाखती दिलेल्या बायांना नुसते क्रमांक. विषय होता चंद्र बघून शेतात हळद लावायची बायांची रीत.

दुपार होती. बाहेर कुठंतरी हळद शिजत होती, वासानं डोळे जड झालेले. पानं उलटता उलटता शेवटच्या मुलाखतींपाशी आले. माहितीदार क्रमांक नऊ, पुसेगाव, वय एकाहत्तर. "लेकरा, उन्हातानाचा आलास, आधी पाणी पी. माझी पोरगी वसमतला मास्तरीण हाय, तिला बी उन्हाचं भान न्हाई."

अगं बया! ही तर माझी आई, धुरपताबाई. जाऊन दोन वर्षं झाली तिला.

खोलीत ती येऊन बसल्यासारखंच झालं. कंसात 'हसतात' लिहिलेलं दिसलं की मला ते हसू ऐकू यायचं. आठ दिवस मी रोज दुपारी तेवढीच पानं वाचत राहिले, अर्धी झोपेत, अर्धी पुसेगावात. होकार दिला की आई छापून येणार, कायमची. मला तेवढंच हवं होतं.

पण पुढचे प्रश्न! "चंद्र बघून लावता?" "व्हय." "अमावस्येला लावत नाही?" "न्हाई बाबा." सगळ्या थापा! आई आभाळाकडं बघायची ती पावसासाठी, आणि बाया मिळतील त्या दिवशी लावण. पण तिला वाटलं असणार, पोरगं एवढ्या आशेनं विचारून राहिलंय, त्याला नाराज कसं करायचं? आणि ह्या शहाण्यानं त्यावर सिद्धांत उभा केला.

"काहून गं आई?" मी रागानं मोठ्यानं विचारलं.

नवव्या दिवशी संपादकांना खरं ते लिहिलं. क्रमांक नऊ माझी आई आहे, तिनं पाहुण्याचं मन राखलंय, हा निष्कर्ष धरू नका.

उत्तर आलं. लेखकाकडून खुलासा मागवू. तुमचं नातं असल्यानं लेख दुसऱ्या परीक्षकाकडं जाईल. न छापलेल्या लेखाची प्रत ठेवता येत नाही, तुमच्याकडची फाईल पुसून कळवावं.

ठेवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ती पानं एकदा मोठ्यानं वाचली, आईच्याच सुरात. मग फाईल पुसली, संपादकांना तसं कळवलं, आणि "आई, आई" करत लेकरासारखी रडले.