तिरुनेशची ओळ

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासातला शुक्रवार होता. दुपार कलेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा माझा नेम. सकाळची प्रार्थना आटपून कचेरीत येऊन बसते तोच अदामा शहरातल्या दवाखान्यातून फोन आला. नोंदणीच्या खिडकीवरच्या सिस्टर वोर्कनेश बोलत होत्या. मला त्या आदराने एतिये, म्हणजे ताई, म्हणतात.

"एतिये, तुमचं यंत्र आज फारच उदार झालंय. आमच्याकडे कधी न आलेल्या बायका दिसतायत. सगळ्या कोल्फेच्या दवाखान्यातल्या."

कोल्फेच्या नोंदी अदामात दिसायलाच नको होत्या.

बत्तीस दवाखान्यांच्या नोंदी आम्ही एकाच डेटाबेसमध्ये ठेवतो. तक्ता एकच, पण प्रत्येक ओळीवर तिच्या दवाखान्याचा क्रमांक असतो आणि ज्याला त्याला फक्त आपल्या क्रमांकाच्या ओळी दिसतात. हा पहारा मीच बसवलेला. कोल्फेच्या ओळींत माझी धाकटी बहीण होती. तिरुनेश, सहावा महिना. नवऱ्याने हात मोडल्यावर ती पळून आली होती. माझं घर तो दोनदा धुंडाळून गेला, म्हणून तिला मी कोल्फे वस्तीत माझ्या धर्ममातेकडे, एतिये बिर्केंकडे ठेवलं होतं. दवाखान्यात ती खोटं नाव सांगणार होती. मीच म्हटलं, खरं सांग, पहारा माझा आहे.

तिचा नवरा गेतानेह अदामाला, सिस्टर वोर्कनेशच्या शेजारच्या खिडकीवर कारकून म्हणून बसायचा.

"गेतानेह आहे का तिथे?" मी विचारलं.

"फॉर्म आणायला गेलाय. तो नसला की काम कसं भराभर होतं." त्या हसल्या. "रोज आल्या आल्या आधी बायकोचं नाव टाकून बघतो हो. म्हणतो, एक ना एक दिवस सापडेलच. आम्ही म्हणतो, बाबा, आधी कॉफी तरी घे."

"आज टाकलं त्याने?"

"आज मलाच यायला उशीर झाला, एतिये. कोण जाणे."

फोन ठेवून मी समोर बसलेल्या माझ्या मदतनिसाला, बिन्यामला म्हटलं, "सगळं बंद कर."

"सगळं? साहेबांना, गाशे दाग्नेंना न विचारता? लसीकरणाचा दिवस आहे. बत्तीस दवाखाने आपल्या नावाने शंख करतील."

"करू देत. बंद कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बंद केलं. नंतर तो म्हणाला, "तुम्ही ओरडला असतात तर मी वाद घातला असता."

चूक सापडायला पाव तासही लागला नाही, कारण ती माझीच होती. दवाखाना नोंदी मागतो तेव्हा त्याला डेटाबेसपर्यंतची एक जोडणी मिळते. काम झालं की ती परत येते आणि दुसऱ्याला दिली जाते. कोणाच्या ओळी दाखवायच्या, तो क्रमांक मी जोडणी उघडताना एकदाच चिकटवत होते. एरवी जोडण्या पुरायच्या, प्रत्येकाची वेगळी. आज गर्दीत त्या कमी पडल्या आणि कोल्फेने परत केलेली जोडणी कोल्फेच्याच क्रमांकासकट अदामाच्या हातात गेली. मी तपासणी केली होती, पण एकटीने, रिकाम्या खोलीत. गर्दीत कधी केलीच नव्हती.

आता प्रत्येक मागणीआधी जुना क्रमांक पुसून नवा लावायचा, असं केलं. मग शोधांची नोंदवही उघडली. गेतानेह, सकाळी आल्या आल्या, एक शोध. सापडलेल्या ओळी: एक.

कोणाची ओळ? ते लिहिलेलं नव्हतं. रुग्णाचं नाव या वहीत कधी येऊ नये, असं मीच ठरवलं होतं. दुसऱ्या कुठल्या बाईची असेल. शोधलेलं नावच दुसरं असेल. मी त्या एका आकड्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते पण प्रार्थनेचे शब्द आठवत नव्हते.

तिरुनेशला फोन लावला.

"अगं, कणीक तिंबतेय मी," ती म्हणाली. "हात बरबटलेत."

"तशीच नीघ. चर्चमागच्या बायकांच्या मठात जा. फोन बंद कर."

तिने हळूच विचारलं, "त्याला कळलं?"

"माहीत नाही."

"म्हणजे कळलं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

नंतर अदामाला फोन केला. फॉर्म आणायला गेलेला गेतानेह परतलाच नव्हता.

दुपार कलली. उपवास सुटायची वेळ होऊन गेली, तरी मी पाण्याला हात लावला नाही. तेवढ्यात एतिये बिर्केंचा फोन आला.

"येऊन गेला तुमच्या घरचा जावई," त्या म्हणाल्या. "हातात कागद, त्यावर माझ्या घराचा पत्ता. खाटेखाली वाकून बघत होता. मी म्हटलं, वाकलाच आहेस तर झाडूनही घे." त्या हसल्या, मग आवाज खाली आणला. "दारात मळलेली कणीक तेवढी राहिली होती, बाई. तिच्याकडे फार वेळ बघत उभा होता."

त्या संध्याकाळी बत्तीस दवाखान्यांना मी माझ्या नावाने पत्र लिहिलं: काय झालं, किती वेळ, कोणाच्या चुकीने. गेतानेहचं नाव अदामाच्या प्रमुखांना आणि पोलिसांना कळवलं. तो अजून सापडलेला नाही. तिरुनेश कुठे आहे ते मी कुठेच लिहीत नाही.

माझ्या नेमांत आता एक भर पडली आहे. पहाटे उठले की आधी अदामाचा क्रमांक लावून आत जाते आणि बहिणीचं नाव टाकते. तो टाकायचा तसंच. पडद्यावर शून्य ओळी येईपर्यंत श्वास घेत नाही. मगच क्रूसाची खूण करते.