पाठ पक्की

टकळीला हे नाव आत्यानेच ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं. पोरगी एकदा सुरू झाली की समोरच्याला श्वास घ्यायलाही फट मिळायची नाही. गंमत म्हणजे हे सगळं घरात. बाहेर पाऊल टाकलं की तोंडात मिठाची गुळणी! यंदा मात्र काय वारं शिरलं कोण जाणे, शाळेच्या वादविवादात तिने वरच्या वर्गाची दाणादाण उडवली आणि तेव्हापासून घरातली टकळी बाहेरही भिरभिरायला लागली.

आत्या गावातल्या छोट्या कलासंग्रहालयात चित्रं टांगायचं काम करायची. संग्रहालय म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा आणि आल्यागेल्याची चुगली करणारं कुरकुरं दार. या वेळी तिथे एका आजींच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. आजींनी जन्मभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर होड्या रंगवल्या होत्या, आणि हे त्यांचं पहिलंवहिलं प्रदर्शन.

"पाहुण्यांना चित्रांची माहिती माझी भाची सांगेल," आत्याने संचालक बाईंना सांगून टाकलं.

बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. "शाळकरी पोर? मध्येच विसरली तर? शोभा कोणाची होईल?"

"माझी. पण नाही व्हायची."

"बरं. उद्घाटनाला एकदा बघू. जमलं तर दर रविवारी हे काम तिचं. नाही जमलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

टकळी दाराआड कान देऊन उभी होती. दर रविवारी! तिला तिथेच उडी मारावीशी वाटली, पण दार कुरकुरलं असतं.

आदल्या दुपारी मोठ्या खोलीतली सगळी चित्रं लागली होती. आत्या शिडीवर चढून दिवे वळवत होती. दातांत स्क्रू धरलेले, त्यामुळे बोलणं अर्धं घशात, अर्धं हवेत.

"टकळे, मी याशच अडकलेय. तू तेवढी चित्रां... पाठ पक्की करून टाक हं. शगळ्या."

"टाकते!" टकळी म्हणाली, आणि कामाला जुंपली.

प्रत्येक चित्रासमोर उभं राहायचं, शेजारची पाटी वाचायची, डोळे मिटायचे, घडाघडा म्हणायचं, डोळे उघडून ताडून बघायचं. कुठल्या होडीला शीड आहे, कुठलीला नाही, कुठली पाटी कुठल्या चौकटीच्या कुठे, सगळं. संध्याकाळी आत्याने शिडीवरून विचारलं, "झालं?" तर ही छाती फुगवून म्हणाली, "एकूण एक!"

उद्घाटनाला खोली गच्च भरली. आजी काठी टेकत आल्या आणि आपल्याच चित्रांकडे, दुसऱ्या कोणाच्या घरी आल्यासारख्या, बिचकत बघू लागल्या. टकळीने पहिलं वाक्य टाकलं आणि गाडी जी सुटली! लोक हसत होते, मान डोलावत होते. बाई मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या, पण घडी जरा सैल झाली होती. आत्याच्या चेहऱ्यावर तर नुसतं ऊन पडलं होतं.

मग आलं सगळ्यात मोठं चित्र. पिवळ्या कंदिलाची होडी.

"ही होडी आजींनी..." टकळी म्हणाली आणि गप्प झाली.

काहीतरी खटकत होतं. काल पाटीची वरची कड आणि चौकटीची खालची कड एका रेषेत होती. आज चौकटीचा डावा कोपरा त्या रेषेच्या खाली उतरला होता. म्हणजे...

"विसरली वाटतं," कोणीतरी कुजबुजलं. बाईंची घडी पुन्हा घट्ट झाली.

बोलत राहिलं तर निभावलं असतं. आणि प्रदर्शन सुरू झालं की चित्राला हात लावायचा नाही हा तर इथला पहिला नियम. तेवढ्यात कोपरा अजून केसभर खाली आला.

"सगळे मागे व्हा!" ती ओरडली आणि दोन्ही हातांनी चौकट खालून धरली.

"अगं, हात काढ! आधी हात काढ!" बाई धावल्या.

"नाही काढणार! आत्या, लवकर ये गं!"

आत्या गर्दी कापत आली. तिने भिंत आणि चौकट यांच्यामध्ये बोटं सरकवली, आणि मागच्या कडीचा स्क्रू अलगद तिच्या तळहातावर आला. दुसरा लटकत होता. दोघींनी मिळून चित्र हळूच उतरवून भिंतीशी उलटं टेकवलं. खोलीने सोडलेला श्वास ऐकू आला. बाई तर चक्क खुर्चीत बसल्या.

"अगं, काल सांगितलं होतं ना," आत्या पुटपुटली, "चित्रांची पाठ पक्की कर म्हणून?"

"केली की! सगळी तोंडपाठ आहेत! कुठलंही विचार!"

"अगं बये, पाठ म्हणजे चित्राची पाठ! मागची बाजू! कड्या, दोरी, स्क्रू आवळून पक्के कर, असं म्हणत होते मी!"

"मग तोंडातले स्क्रू काढून बोलायचं ना!"

पहिल्या हसल्या त्या आजी. काठी गळून पडेपर्यंत हसल्या. मग सगळी खोलीच फुटली. बाईंनी गंभीर राहायचा प्रयत्न केला, पण चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली.

"पण पाठ केलं नसतंस तर तुला ते खाली आलेलं कळलं असतं का?" आजी म्हणाल्या. मग त्यांनी उलट्या चित्राकडे बोट दाखवलं. "आता हीसुद्धा पाठ सांग की यांना."

त्या पाठीवर रंगच रंग होते. निळे, पिवळे, मातकट फटकारे. आजी चित्र रंगवताना ब्रश मागेच पुसायच्या. टकळीला यातलं काहीच पाठ नव्हतं. तरी ती बोलत सुटली, चुकली की आजी दुरुस्त करायच्या, आणि लोक त्या पुसलेल्या रंगांपुढून हलेनात.

गर्दी पांगल्यावर बाई टकळीजवळ आल्या.

"रविवारी ये," बाई म्हणाल्या. "जरा लवकर. आधी पाठ पक्की करायची, मगच बोलायचं."

टकळीने आत्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"कुठली?"

उत्तर म्हणून आत्याने तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर ठेवला.