दक्षिणेकडचा तारकागुच्छ

शनिवारी दुपारी जानराव बॅगेत कॅमेरा बसवत होते आणि त्यांची लेक दीक्षा गच्चीवरून शेवग्याच्या शेंगा तोडत होती.

"चार शेंगा इफ्फतले नेतो," ते खालून म्हणाले.

"माह्या झाडाच्या नाई. पातुरात भाजीबाजार नाई का?"

जानराव हसले. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांना आकाशाचं वेड लागलं होतं. या मे महिन्यात नरतुरंग तारकासमूहातला गोल तारकागुच्छ फोटोत धरायचा होता. लाखो तारे, पण दिसायचे दक्षिणेला क्षितिजाच्या जरा वर, धुळीत, तेही थोडाच वेळ. त्यासाठी दर शनिवारी बडनेऱ्याहून अकोला, तिथून एसटीनं पातूर. तिथं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, त्यांच्यासारख्याच आकाशवेड्या इफ्फतची गच्ची.

"आपल्या गच्चीवरून नाई दिसत?"

"दक्षिणेले अडते."

निमित्त, दीक्षाला वाटलं. अमरावतीच्या कॉलेजात ती ग्रंथपाल. ताऱ्यांवरची सगळी पुस्तकं तिनं बापाच्या नकळत वाचून काढली होती. पण 'मलेबी न्या' काही तोंडून निघालं नाही.

"जा, तुमची ते दुसरी लेक वाट पाहून राहिली असंन," एवढंच निघालं.

रविवारी ते परतले, जेवले, झोपले. सोमवारी उठलेच नाहीत.

पुण्यानुमोदनाला इफ्फत आली. भंतेजी गेल्यावर तिनं एक मोठा फोटो पुढे केला. काळ्या पाटावर रवा सांडावा तसे तारे, मधे दाट, कडेला विरळ.

"त्या शनिवारचे शंभर फोटो एकावर एक चढवले, तवा हा एक झाला. काढले काकांनी. मी फक्त जोडले."

बापाची शेवटची मेहनत, आणि हात हिचा लागलेला. दीक्षाचा जीव जळला.

"घरून काहून नाही काढत, मी विचारलं होतं," इफ्फत म्हणाली. "बोलले, दक्षिणेले दीक्षाचा शेवगा हाये, दहावीच्या सुट्टीत लावला तिनं. मी म्हटलं, एक फांदी तोडा. तर म्हणे, त्यापरीस गाडी पकडतो, बेटा."

हेही हिलाच सांगितलं! दीक्षाला आधी तेच झोंबलं.

इफ्फतला बसमध्ये बसवून ती परतली, तेव्हा अंधार पडला होता. ती गच्चीवर गेली. दक्षिणेला नुसता पाला. आडवी आलेली फांदी तिनं खाली ओढली. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, कडकन मोडलं. त्या फटीत एक धूसर ठिपका होता. तोच असेल, नसेलही.

मोडकी फांदी हातात धरून ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, मलेबी न्या."