प्रल्हादकाकांचं चूर्ण

शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या कॅरी गावात राधिकाने आपल्या सात वर्षांच्या लेकीला, सियाला, रोजच्यासारखं मधातून सायनसचं चूर्ण चाटवलं. आठवड्याचे पाच दिवस ती एका औषध कंपनीत गोळ्या तपासते. लेबलवरचा एक आकडा चुकला तरी अख्खा लॉट परत पाठवते. चूर्णाच्या बरणीला मात्र लेबलच नव्हतं. नवऱ्याच्या सख्ख्या काकांनी दिलेल्या वस्तूला लेबल विचारायचं नसतं, अशी आपल्याकडे रीत आहे.

प्रल्हादकाकांनी ते तामिळनाडूतल्या कुणा सिद्ध, म्हणजे तिथल्या जुन्या परंपरेच्या, वैद्याकडून आणून मराठी मंडळातल्या तीस घरांत वाटलं होतं. गुण असा, की तिसऱ्या दिवशी नाक मोकळं. दोन महिन्यांत सियाचे गालही वर आले.

"छान बाळसं धरलंय हो पोरीने!" शेजारच्या वसुधामावशी म्हणाल्या.

राधिका त्या गोल चेहऱ्याकडे बघत राहिली. हे बाळसं तिला पटेना.

"मी हे टेस्टिंगला पाठवतेय."

"काकांचं औषध?" तिचा नवरा सौमित्र दचकला. "यार, त्यांना कळलं तर?"

"तर कळेल."

सियाच्या डॉक्टरांना वेगळाच संशय होता; रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी चूर्ण एकदम बंद करू दिलं नाही. रिपोर्टमध्ये सुंठ, मिरी, पिंपळी जागच्या जागी होती. शिवाय एक स्टेरॉइड होतं, ज्याचं सिद्ध वैद्यकात काहीच काम नव्हतं; सियाचे गाल त्यानेच सुजले होते. आता सियाला त्याच औषधाच्या मोजून गोळ्या, हळूहळू कमी करत, कारण ते एकदम तोडलं तर जीवावर बेतू शकतं.

रिपोर्टचं कळताच त्या संध्याकाळी काका आले. चहाला हात लावला नाही.

"चाळीस वर्षं लोकांचं भलं करतोय. माझ्यावर संशय?"

"तुमच्यावर नाही, काका. बरणीवर."

"एकच ते!"

सगळी मेख तिथेच होती. त्या वैद्याला कुणी काही विचारलं नव्हतं, अगदी काकांनीसुद्धा.

"मंडळाच्या ग्रुपवर गणपतीनंतर टाक," सौमित्र कुजबुजला. "आत्ता वातावरण कशाला बिघडवायचं?"

"तोवर तीस घरांतली पोरं चाटत राहतील."

तिने काकांच्या समोरच रिपोर्ट पाठवला. खाली लिहिलं, 'एकदम थांबवू नका, आजच डॉक्टरांना फोन करा.'

अकरा मिनिटांनी कुणीतरी नुसते हात जोडले. मग वसुधामावशींचा मेसेज आला: 'म्हणजे त्यात खरंखुरं औषध होतं तर! काका, अजून एक बरणी मिळेल का?'

मावशींकडे दोन नातवंडं होती. राधिकाने चपला घातल्या.

"आता कुठे?" सौमित्रने विचारलं.

"मावशींकडे. त्यांच्याकडून डॉक्टरांना फोन लागेपर्यंत तिथून हलणार नाही."