उरलेला तुकडा

सोमवारी सकाळी आमच्या जिन्याला सत्तेचाळिसावी पायरी फुटली. मी अडखळले नाही. ती कुठून आली ते मला ठाऊक होतं.

प्रयोगशाळेत पेशीचा मोठा फोटो माझ्यापुढे येतो. त्यातली गुणसूत्रं मी कात्रीने कापते आणि जोड्या लावून कागदावर चिकटवते. तेवीस जोड्या, शेहेचाळीस तुकडे. बावीस वर्षांत एकदाही चुकले नाही, हे मी कोणी न विचारताच सांगते. शनिवारी माझ्या भावजयीच्या, केतकीच्या, पोटातल्या बाळाच्या पेशीचा फोटो आला. लग्नानंतर आठ वर्षांनी राहिलेलं बाळ. एकविसाव्या जोडीशेजारी एक तुकडा उरला, सत्तेचाळिसावा: डाउन सिंड्रोम. मी पुन्हा मोजलं. मग तो एप्रनच्या खिशात टाकला आणि अहवालात 'सर्व ठीक' लिहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी स्वयंपाकघरातल्या घड्याळाची दोन घड्याळं झाली. एकाच्या वाट्याला तेरा आकडे आले, दुसऱ्याच्या अकरा. चहाच्या वेळेपर्यंत चार झाली: पंधरा, अकरा, तेरा, नऊ. बारा आकड्यांचं एकही उरलं नाही. काट्याचा नायटा होतो तो असा.

माझा धाकटा भाऊ, केतकीचा नवरा श्रीरंग, दोन खुर्च्यांवर बसला होता. एका श्रीरंगला तीन हात, दुसऱ्याला एक.

"ताई, साखर कमी आहे," दोघेही म्हणाले.

मी घाबरले. खोल्यांचंही तेच झालं होतं. एकीला पाच भिंती, दुसरीला तीन. तीन भिंतींच्या खोलीत मी जेमतेम मावत होते, आणि तिथेच केतकी आली. घरात ती तेवढी अजून एकच होती, दोन झाली नव्हती.

"वन्सं, मी दोनच मोजे विणले होते. हा तिसरा कसा झाला?"

"उसवून टाक."

"का म्हणून? बाळाचाच आहे. तुमच्या खिशात काय आहे?"

"काही नाही."

"मला न विचारता काढून घेतलंत तुम्ही."

तिला रडताना बघवलं नसतं मला, एवढंच होतं ते. पण ती रडत नव्हती.

"द्या ते. माझं आहे."

मी खिशात हात घातला. तुकडा तिथे नव्हता. बोटांना एक चिमुकलं पाऊल लागलं, गारठलेलं. मी ते बाहेर ओढू लागले तसा खिसा लांबत गेला. केतकी मोजा दोन्ही हातांनी उघडून धरून उभी होती.