आईच्या गालावरची रेघ

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी धैर्यशीलला चौकात आईचा फ्लेक्स दिसला. आदल्या दिवशी दुपारी चिमणाबाई गेल्या होत्या. आता त्या दहा बाय पंधरा फुटांत, डोक्यावर पदर घेऊन, हसत होत्या. खाली 'रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी ९ वा.' आणि शोकाकुल म्हणून तेवीस जणांचे फोटो. त्यात पहिला राजवीरचा, पेठेतल्या एका तरुण मंडळाच्या अध्यक्षाचा.

धैर्यशीलचा धंदा छपाईचा. दोन वर्षांपूर्वी त्याने फ्लेक्स छापणं बंद केलं. उतरवलेला फ्लेक्स कुजत नाही, नाल्यात अडकतो, नाहीतर जाळतात आणि विषारी धूर होतो, हे त्याने पेठेत घरोघर सांगितलं होतं. तेव्हापासून त्याच्याकडे फक्त सुती कापडावर छपाई. गिऱ्हाईक तुटलं. म्हणून त्याने करार लिहिला: या गणेशोत्सवात पेठेतली सातही मंडळं कापडी फलकच लावतील. चार अध्यक्षांच्या सह्या झाल्या होत्या. राजवीरने केली की उरलेले दोघे करणार होते. करार फिसकटला तर दुकान दिवाळी बघणार नाही, हे त्याला आणि बायकोला, अनुजाला, माहीत होतं.

तो जवळ गेला. चिमणाबाईंच्या डाव्या गालावरून एक बारीक पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. ही रेघ त्याच्या ओळखीची होती. त्याच्या जुन्या मशीनचं शाईचं एक छिद्र बुजलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक छपाईत ती यायची. ते मशीन त्याने वडगावच्या एका छपाईवाल्याला विकलं होतं आणि त्या पैशातूनच कापडावर छापायचं घेतलं होतं.

गुरुवारी रक्षाविसर्जन आटोपल्यावर त्याने घाटाच्या पायऱ्यांवर राजवीरला बाजूला घेतलं.

"फ्लेक्स लावायला कुणी सांगितलंतं तुला?"

"सांगाय कशाला पायजे? संध्याकाळपतोर चौक मोकळा. काकू गेल्या आणि पेठेत एक बोर्ड न्हाय. लोकं आम्हाला शिव्या घालत्यात की!"

"मला म्हणायचं. कापडावर केला असता."

"कवा? तुझं कापड वाळाय एक दिस जातोय. मयत थांबतंय व्हय? वडगावच्यानं दोन तासांत दिला."

"माझ्याच मशीनवर."

"मग? मशीन तू मोडलंस कुठं? नुसतं त्याचं गाव बदललंस. हितला धूर तेवढा विषारी, आणि वडगावात काय अत्तर?"

धैर्यशील म्हणाला, "उतरव तो."

मागून चुलते हंबीरराव आले. "खुळा हायस काय रं? उत्तरकार्याआधी फोटो उतरवत न्हाईत. आणि घरच्यानं तर हातच लावायचा न्हाय. ज्यानं लावला त्यानंच उतरवायचा." दोन पायऱ्या चढून ते पुन्हा वळले. "उतरला की मला दे. गारगोटीला गोठा गळतोय."

शुक्रवारी सही केलेल्या चौघांपैकी एक घरी आला. "वहिनी," तो अनुजाला म्हणाला, "तुमच्याच घरचा लागलाय. आता पोरांना मी काय तोंडानं सांगू?" त्याने करार मागून घेतला, आपली सही खोडली आणि खाली तारीख घातली. रविवारी दुसऱ्याने तेच केलं. तारीख घालायला तो विसरला.

बाराव्या दिवशी उत्तरकार्य झालं. राजवीर सकाळपासून राबला, पंगतीत वाढायलाही तोच होता.

"आज उतरवतोस?" धैर्यशीलने विचारलं.

"उतरवू की."

"आणि सही?"

"आधी ते उतरू दे. त्याच्याखाली बसून सही केली तर पेठ हसंल."

त्याच दुपारी वडगावहून फोन आला. "पावणं, मशीन झ्याक हाय तुमचं. नुसती एक रेघ येतीया. पुसाय काय वापरायचं?" धैर्यशीलला ते ठाऊक होतं. ते न सांगताच त्याने फोन ठेवला.

सोळाव्या दिवशी, बुधवारी, सकाळी अकरा वाजता फ्लेक्स चौकातच होता. वरची डावी दोरी सुटली होती आणि तो कोपरा चिमणाबाईंच्या कपाळावर पडला होता. राजवीर कामासाठी गगनबावड्याला गेल्याचं त्याच्या घरून सांगण्यात आलं. कधी येणार ते सांगितलं नाही. करारावर दोन सह्या शिल्लक आहेत. वडगावहून आणखी तीनदा फोन आला. धैर्यशीलने तो अजून उचललेला नाही.